संभाजीनगरात मित्रांसोबत एक रात्र काढायचीये? मग आधी रस्ता ठरवा, बार नंतर

परभणी, नांदेडकडून मित्रमंडळी निघाली की गाडी जालन्यात असतानाच फोन येतो, "बसायचं कुठंय?" आणि मग बहुतेक वेळा काय होतं तर स्टेशनजवळ जी पहिली परमिट रूम दिसेल तिथं सगळे घुसतात, चार तास ट्यूबलाइटखाली काढतात, बारा वाजता लॉजवर झोपतात आणि सकाळी परतीची गाडी. असली बैठक परभणीतही होते, लातुरातही होते, त्यासाठी इतक्या लांब यायचं कारण काय? हे मलिक अंबरनं १६१० मध्ये खडकी म्हणून वसवलेलं शहर आहे, बावन्न दरवाजांचं म्हणतात त्याला, त्यातले आता मोजकेच उरलेत, पण जे उरलेत त्यांच्या कमानीखालून आजही रिक्षा, गाडे, शाळेच्या व्हॅन जायलेत, आणि हे सगळं न बघता माणूस फक्त मसाला पापड खाऊन परत जातो याचं मला खरंच वाईट वाटतं. म्हणून हे सविस्तर लिहितोय. ज्यांना हटके जागी बसायचंय त्यांच्यासाठीही आहे आणि ज्यांच्या ग्रुपमध्ये निम्मे लोक पीतच नाहीत त्यांच्यासाठी तर जास्तच.

मूळ गोष्ट एकच. आधी जुनं शहर फिरा, तिथंच पोटभर खा, आणि मग बार. हा क्रम उलटा करू नका. जुन्या शहरात म्हणजे सिटी चौक, जुना बाजार, शहागंज, गुलमंडी या भागात मोहल्ले आहेत, मशिदी आहेत, दर्गे आहेत, मंदिरं आहेत, सराफा आहे, बायका-पोरं खरेदीला आलेली असतात, तिथं तोंडाला वास घेऊन झुलत फिरणं कुणालाच आवडत नाही आणि आवडायलाही नको. बसायच्या जागा बऱ्याचशा नव्या बाजूला आहेत, स्टेशन रोड, क्रांती चौक, जालना रोड, सिडको, बीड बायपास असं. आणि जुन्या शहराची खरी मजा संध्याकाळी पाच ते नऊ, त्यानंतर शटरं पडायला लागतात. म्हणजे घड्याळसुद्धा हाच क्रम सांगतंय.

दिवस निवडताना जरा डोकं लावा. ड्राय डे आधी बघून ठेवा, २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, गांधी जयंती, आषाढी एकादशी, अनंत चतुर्दशी हे तर आहेतच, शिवाय निवडणूक असली की मतदान संपायच्या आधीचे ४८ तास बंद आणि मतमोजणीच्या दिवशीही बंद. आखाडात, त्यातही श्रावण लागायच्या आधीच्या शेवटच्या आठवड्यात, कुठंही टेबल मिळत नाही, गटारीच्या दिवशी तर नादच करू नका. उलट श्रावणात निम्मं गाव पिणं बंद ठेवतं त्यामुळे बार रिकामे असतात, वेटर निवांत असतो, ज्यांना पाळायचं नाही त्यांनी तेव्हा यावं. गुरुवार, शनिवार, चतुर्थी हे दिवस बरेच लोक पाळतात तेव्हाही गर्दी कमी. बुधवार, शुक्रवार, रविवार फुल्ल. फक्त एक लक्षात ठेवा, श्रावणात शुक्रवारी रात्री हजारो लोक पायी खुलताबादला भद्रा मारुतीच्या दर्शनाला निघतात, त्या रात्री दौलताबाद रोडकडच्या गार्डनमध्ये बसायचा प्लॅन अजिबात करू नका, रस्ता त्या माणसांचा असतो, अनवाणी चालत असतात बिचारे, त्यांच्या मधून गाडी घालायची नाही. तसंच १४ एप्रिलला आणि १४ जानेवारीला, म्हणजे विद्यापीठाच्या नामविस्तार दिनाला, भडकल गेट आणि विद्यापीठाकडे प्रचंड गर्दी असते, ती बघायलाच जायचं असेल तर जरूर जा पण मग त्या दिवशी बसायचं डोक्यातून काढून टाका.

सीझन म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. संध्याकाळी हवा अशी गार असते की चालत राहावंसं वाटतं. मे महिन्यात भिंती रात्री नऊपर्यंत तापलेल्या असतात तेव्हा चालायचा प्लॅन निम्मा करा.

ग्रुप चार ते सहा जणांचा ठेवा. रिक्षात तिघं बसतात म्हणून सहा म्हणजे बरोबर दोन रिक्षा. दहा-बारा झाले की गल्लीत चालताना तीन तुकडे होतात, अर्धे पानटपरीवर थांबतात, अर्धे पुढे जातात, आणि सगळी संध्याकाळ "कुठंय तू, लोकेशन पाठव" यात जाते. पैशाचं आधीच मिटवा. एकाला खजिनदार करा, सगळ्यांनी त्याला सकाळीच सारखी काँट्री पाठवायची, रात्री बिल बघून हिशेब करत बसलं की सगळ्या मजेवर पाणी पडतं. जे पीत नाहीत त्यांची काँट्री कमी ठेवा, हे तुम्ही स्वतःहून म्हणा, त्यांना म्हणायला लावू नका. आणि बाइक, कार लॉजवरच सोडा. दिवसभर सिटी बस आहे, रिक्षा आहेत, ॲपवरच्या गाड्याही मिळतात, गाडीची गरजच नाही आणि जुन्या शहरात ती लावायला जागाही नाही.

आता फिरायचं. नांदेडहून तपोवन एक्सप्रेसनं निघालात तर दुपारीच उतरता, बॅगा टाका, तोंड धुवा आणि साडेचारला निघा. सुरुवात गोगाबाबा टेकडीवरून करा. बीबी का मकबऱ्याच्या मागच्या अंगाला आहे, चढ फार नाही, वर गेलं की सूर्य खाली चाललेला असतो, खाली मकबऱ्याचा पांढरा घुमट आणि त्याच्या पलीकडे पसरलेलं सगळं शहर. नवीन माणसाला शहर समजावून सांगायला याच्याइतकी चांगली जागा नाही, इथं उभं राहूनच दाखवा की बाबा तिकडं स्टेशन, तिकडं सिडको, आता आपण या मधल्या दाट वस्तीत घुसणार आहोत. अंधार पडायच्या आत खाली या.

मग मकबरा. संध्याकाळनंतरही तो काही वेळ उघडा असतो, वेळ बदलत राहते म्हणून त्या दिवशीची तिकीट खिडकीची वेळ आधी बघून घ्या. औरंगजेबाची बेगम दिलरास बानू हिची ही कबर, १६६० च्या सुमारास बांधून झाली, खर्च ६,६८,२०३ रुपये ७ आणे झाला असं सांगतात, आणे सुद्धा मोजलेत बघा. ताजमहालाशी तुलना करत "छोटा आहे, गरिबाचा आहे" असं बोलणारे लोक मला पटत नाहीत. घुमट आणि खालचा भाग संगमरवराचा आहे, मधलं सगळं काम इथल्याच काळ्या बेसाल्टवर चुन्याचा गिलावा देऊन केलेलं आहे, जवळ जाऊन त्या गिलाव्यातली नक्षी बघा, हाताचं काम काय असतं ते कळतं. दिवे लागले की हौदाच्या कडेनं चालत या. अर्धा तास पुरे. मध्येच कुणी "बस झालं, आता बसू" म्हणायला लागला तर त्याला इमरतीचं आमिष दाखवा.

पाणचक्की दिवसा उघडी असतानाच करता येते, जमली तर मकबऱ्याच्या आधी करा, डोंगरातल्या झऱ्याचं पाणी मातीच्या नळातून आणून त्याच्या जोरावर तिथल्याच दर्ग्यात आलेल्यांसाठी पीठ दळायची ही चक्की. उशीर झाला असेल तर सोडा, महमूद दरवाजाजवळच्या पुलावरून सरळ भडकल गेटला रिक्षानं या.

भडकल गेटपासून पायी. हा दरवाजा मलिक अंबरनं १६१२ मध्ये मोगलांवरच्या विजयाच्या आठवणीत बांधला, शहरातल्या दरवाजांत सगळ्यात मोठा. एक आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेला माणूस निजामशाहीचा वजीर होतो, मोगलांना झुंजवतो, डोंगरातून नहर खोदून अख्ख्या शहराला पाणी देतो, आणि त्याच्या दरवाजासमोर बाबासाहेबांचा पुतळा आहे. मी पाहुण्यांना इथं पाच मिनिटं तरी थांबवतोच. दिशा लक्षात ठेवायला दरवाजांची नावं फार कामाची आहेत, दिल्ली गेट उत्तरेला, पैठण गेट दक्षिणेला, मकाई गेट पश्चिमेला मक्केच्या बाजूला. गल्लीत हरवलात तर मोबाईल काढण्याआधी कुणाला तरी दरवाजा विचारा, लोक थांबून सांगतात, अर्धं मराठीत अर्धं दखनीत, "सीधा जाव, आगे चौक आता, वहाँ से पूछ लेव." ही भाषा कानावर पडणं हाही या फिरण्याचाच भाग आहे.

टाऊन हॉलवरून, जुन्या बाजारातून सिटी चौकात या, वाटलं तर शहागंजच्या घड्याळाच्या टॉवरपर्यंत जाऊन परत फिरा. रमजान चालू असेल तर मग सगळा प्लॅनच बदला. त्या महिन्यात शहागंज, बुढ्ढी लेन भागात रोजा सुटल्यावर जी खायची गर्दी होते ती रात्री उशिरापर्यंत, कबाब, हलीम, मिठाया, अत्तर, टोप्या, कपडे, आणि सगळं कुटुंबच्या कुटुंब रस्त्यावर. त्या रात्री बारला जाऊच नका, माझं ऐका. तीच खरी नाइट आउट.

एरवीच्या दिवशी जेवण इथंच उरका, साडेसात-आठला. नान खालिया. महंमद तुघलकानं १३२७ मध्ये राजधानी दिल्लीहून दौलताबादला आणली तेव्हा लष्कराच्या लंगरमधून हे आलं असं लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. मोठ्या तोंडाच्या तंदूरमध्ये भाजलेली जाडसर, वरून पिवळसर चकाकणारी नान, आणि देगीत सावकाश शिजलेला मटणाचा खालिया, पातळ रस्सा, वर लाल-पिवळी तर्री. चमचा मागू नका, नान तोडून रश्श्यात बुडवून मऊ होऊ द्या. जागा निवडायची सोपी खूण म्हणजे जिथं लोक डबे, पातेली घेऊन पार्सलला उभे आहेत ती. चकचकीत बोर्ड बघून जाऊ नका. शाकाहारी मित्रांनी हिरमुसायचं कारण नाही, गुलमंडी, औरंगपुरा, निराला बाजार या पट्ट्यात त्यांचं भागतं, आणि गुलमंडीवरची गरम इमरती तर दोन्ही पार्ट्यांनी खायचीच. गुलमंडीवर सुपारी हनुमान आहे, राजाबाजारात संस्थान गणपती आहे, शहराची गणपतीची मिरवणूक तिथूनच निघते, वाटेत आहेत तर नमस्कार करून घ्या.

आधी जेवा असं मी जे सारखं म्हणतोय त्यामागं शरीराचंही कारण आहे. रिकाम्या पोटी दारू लगेच पोटातून आतड्यात उतरते आणि रक्तात झपाट्यानं चढते, पोटात अन्न, त्यातही तेल-मांस असलं की ती थांबून थांबून उतरते. आपल्याकडे उलट चालतं, आधी प्यायचं, चखन्यावर पोट भरायचं आणि बारा वाजता थंड झालेली रोटी चिवडायची. त्यात ना चव कळते ना भूक.

गुलमंडीवरून टिळक पथानं पैठण गेटपर्यंत चालत आलात की फिरणं झालं. इथून रिक्षा.

आता बार. हटके म्हणजे काय हवंय ते आधी ग्रुपमध्ये ठरवा कारण आपल्याकडे हटकेपणाचे प्रकार वेगवेगळे आहेत. माझा सगळ्यात आवडता प्रकार म्हणजे जुनी परमिट रूम. प्लायवूडचे कप्पे, प्रत्येक कप्प्याला पडदा, मिणमिणता लाल-निळा बल्ब, कोपऱ्यात माशांची टाकी, भिंतीवर डोंगर-धबधब्याचा वॉलपेपर, काउंटरच्या वर देवाचा फोटो आणि त्याला रोजचा ताजा हार, स्पीकरवर किशोर, रफी. वेटर असा की ज्याचे केस त्याच हॉटेलात पांढरे झालेत, रोजच्या गिऱ्हाईकाचा ब्रँड त्याला न विचारता माहीत. नव्या पोरांना हे जुनाट वाटतं पण अशा जागा आता एकेक करून एसी, काचा, एलईडी लावून सारख्याच दिसायला लागल्यात, उरल्यात तोवर बसून घ्या. इथं चखना न मागता येतो, खारे शेंगदाणे, फुटाणे, काकडी-टोमॅटो, कधी उकडलेली चवळी नाहीतर हरभरे. वेटरला "ए" म्हणून हाक मारू नका, मामा म्हणा, दादा म्हणा, नाव विचारा. त्याच्याशी नीट बोललात तर आज किचनमध्ये काय चांगलं झालंय ते तोच सांगतो आणि तीच ऑर्डर द्यायची.

एक गोष्ट माहीत असू द्या. एकाच हॉटेलात साध्या हॉलचा, एसीचा आणि फॅमिली सेक्शनचा रेट वेगळा असतो, तीच बाटली आत गेलं की महाग. मेनू कार्ड कोणत्या सेक्शनचं आहे ते बघूनच बसा.

दुसरा प्रकार गार्डन. बीड बायपास, पैठण रोड, दौलताबाद रोडच्या अंगाला, लॉन, गवताच्या झोपड्या, सिमेंटचे हरीण-जिराफ, रंगीत कारंजं, मधूनच झोका. ज्यांना मोकळं बसायचंय, मोठ्यानं हसायचंय त्यांच्यासाठी बेस्ट. हिवाळ्यात शेकोटीची सोय आहे का ते फोनवर विचारा, डिसेंबर-जानेवारीत रात्री दहानंतर चांगलीच थंडी वाजते. पावसाळ्यात मात्र टाळा, दिव्याखाली किडे इतके येतात की ग्लासावर हात ठेवून बसावं लागतं. गार्डनला शहरापासून अंतर असतं म्हणून परतीची गाडी आधीच ठरवून ठेवायची, रात्री साडेअकराला बायपासवर उभं राहून रिक्षा शोधणं नको. तिथं जेवणात शेवभाजी, गावरान कोंबडी, बाजरीची भाकरी असलं मागवा, चायनीज मागवू नका.

तिसरं रूफटॉप, जालना रोड-सिडकोकडे. गाणी मोठी, दिवे रंगीत, पण वरून दक्षिणेला साताऱ्याच्या डोंगराची रेघ दिसते आणि वारा लागतो. चौथं, मोठ्या हॉटेलातले बार, जिथं वेरूळ-अजिंठ्याला आलेले परदेशी पाहुणे उतरतात. महाग आहेत, एक-दोन ड्रिंकच परवडतात, पण शांत आहेत, गप्पा मारता येतात. मुली, बायका ग्रुपमध्ये असतील तर सरळ इकडं नाहीतर कुटुंबं येतात अशा रूफटॉपला जा. हे मी स्पष्ट लिहितोय कारण जुन्या परमिट रूममध्ये बायकांचं स्वच्छतागृह नसतं किंवा असून नसल्यासारखं असतं, आणि सगळे वळून वळून बघतात. हे बदलायला पाहिजे, पण आज रात्री आपल्या मैत्रिणीला त्रास नको. दिवसा फोन करून सरळ विचारा, लेडीज आहेत सोबत, वेगळं टॉयलेट आहे का, आतून कडी लागते का. उत्तर द्यायला समोरचा अडखळला तर दुसरी जागा बघा.

कोणतीही जागा चांगली की वाईट हे कळायला दोनच गोष्टी बघा. वॉश बेसिन, आणि पाण्याचा ग्लास उजेडात धरून. ग्लास चिकट असला तर किचनही तसंच असणार, उठा.

पाचवा एक प्रकार आहे, लायसन नसलेला ढाबा, मागच्या खोलीत बसवतात आणि वाइन शॉपमधून आणलेली बाटली चालते म्हणतात. तिथं जाऊ नका. उत्पादन शुल्कची धाड पडली तर फक्त ढाबेवाल्यावर नाही, पिणाऱ्यांवरही दारूबंदी कायद्यात गुन्हा दाखल होतो, कोर्टात उभं राहावं लागतं, दंड होतो. स्वस्तात पडेल म्हणून गेलेल्यांना ते महागात पडलंय. शेतात, धरणाच्या काठाला, टेकडीवर, मकबऱ्याच्या मागं बाटली घेऊन बसणं हे तर नकोच, तिथं फोडलेल्या काचा सकाळी फिरायला येणाऱ्यांच्या पायात जातात.

कायद्याचं बाकीचंही थोडक्यात. आपल्या राज्यात बियर आणि वाइनला २१ वर्षं, व्हिस्की-रमला २५ वर्षं पूर्ण लागतात. ग्रुपमध्ये तेवीस वर्षांचा कुणी असेल तर त्याला पेग देऊ नका. पिण्याचा परवाना लागतो हे अनेकांना माहीतच नसतं, एका दिवसाचा ५ रुपयांत मिळतो, आयुष्यभराचा १००० रुपयांत, नेहमी बसणाऱ्यानं कायमचाच काढून ठेवावा. गाडी चालवताना १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं की मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ खाली पहिल्यांदा १०,००० रुपये दंड नाहीतर सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन्हीही होऊ शकतं. गाडी लॉजवर सोडा म्हटलं ते यासाठीही.

किती प्यायची याचा हिशेब लोक चुकीचा करतात म्हणून हे नीट वाचा. "मी फक्त बियर घेतो" म्हणणाऱ्याला वाटतं आपण हलकं घेतलं. ६५० मिलीची स्ट्राँग बाटली, ८ टक्क्यांची धरली तर त्यात ५२ मिली शुद्ध अल्कोहोल. ३० मिलीचा स्मॉल पेग ४२.८ टक्क्यांचा, त्यात जवळपास १३ मिली. म्हणजे एक स्ट्राँग बाटली बरोबर चार स्मॉल. दोन बाटल्या म्हणजे आठ, क्वार्टरपेक्षा (१८० मिली) जास्त. शरीर ढोबळमानानं तासाला एक स्मॉल एवढंच पचवतं. आता तुम्ही साडेनऊला बसून साडेअकराला उठणार असाल तर गणित तुमचं तुम्ही करा. माइल्ड घ्या, मध्ये मध्ये पाणी घ्या, आणि "एक अजून, माझ्यासाठी" हा आग्रह ग्रुपमधूनच बंद करा. नको म्हणालेल्या माणसाला परत विचारायचं नाही, कारणही विचारायचं नाही, औषध चालू असेल, नवस असेल, नाहीतर सोडायचा प्रयत्न करत असेल.

बियरचं अजून एक. आपल्याच वाळूजसारख्या एमआयडीसीत बियरचे मोठे कारखाने आहेत, २०१६ च्या दुष्काळात या कारखान्यांचं पाणी कापा म्हणून औरंगाबाद खंडपीठानं आदेश दिला होता, लातूरला तेव्हा रेल्वेनं पाणी जात होतं हे आपल्यापैकी कुणीच विसरलेलं नाही. कारखाना इतका जवळ असताना शिळी बाटली का प्यायची? लेबलवरची तारीख बघा, जितकी अलीकडची तितकी चांगली, जुनी असली तर बदलून मागा. व्हिस्की-रम घेताना सुटे पेग मागवण्यापेक्षा क्वार्टर मागवा, झाकणावरचा होलोग्राम बघा आणि सील तुमच्यासमोर फोडायला सांगा. पेगच घेणार असाल तर मापानं टेबलावर ओतायला सांगा, यात लाजायचं काय.

बिल आलं की ओळ न ओळ वाचा. दारूवर व्हॅट वेगळा, जेवणावर जीएसटी वेगळा, दारूच्या रकमेवर जीएसटी लागत नाही. सर्व्हिस चार्ज लावला असेल तर तो सक्तीचा नाही, नम्रपणे काढायला सांगा आणि त्याऐवजी टिप मामांच्या हातात रोख द्या. शेवटची ऑर्डर किती वाजता घेतात ते बसतानाच विचारून ठेवा म्हणजे उठताना हुज्जत होत नाही.

उठल्यावर उस्मानपुऱ्यात तारा पान. लांबून लोक येतात तिथं, पानाच्या किमतीही साध्यापासून हजारोंपर्यंत. तुम्ही साधं मसाला पान घ्या, तंबाखू नको, प्यायल्यावर तंबाखूचं पान खाल्लं की भल्याभल्यांना गरगरतं. उस्मानपुऱ्यातून स्टेशनकडची लॉज जवळच. ज्याला जास्त झालीय त्याला एकट्याला रिक्षात घालून पाठवू नका, एकानं सोबत जायचं, खोलीपर्यंत सोडायचं, कुशीवर झोपवायचं, उताणं नाही, उलटी झाली तर श्वासात अडकते. आणि जो उठवून उठत नाही, अंग गार पडलंय, श्वास अडखळतोय, त्याला "झोपू दे, उतरेल" म्हणून सोडू नका, १०८ ला फोन करा, घाटी हॉस्पिटल शहरातच आहे.

दुसऱ्या दिवशी वेरूळ करायचं असेल तर नाइट आउट सोमवारी ठेवू नका, मंगळवारी वेरूळ बंद असतं. अजिंठा सोमवारी बंद, म्हणजे त्याच्यासाठी रविवारची रात्र नको. अजिंठा १०० किलोमीटर आहे, सकाळी लवकर निघावं लागतं, आदल्या रात्री बसलेल्या ग्रुपला ते झेपत नाही. वेरूळ तीसेक किलोमीटर, नाश्ता करून नऊला निघालं तरी चालतं, कैलास लेणं दुपारच्या उन्हाआधी बघून होतं आणि संध्याकाळच्या गाडीला स्टेशनवर परत येता येतं.